कापणावळ

इसिओलोत हिऱ्याचं पातं फक्त माझ्याकडे आहे,
म्हणून तो माझ्याकडे आला.
नाहीतर जिर्मो एलेमाचं काय काम
थडगी घडवणाऱ्याच्या दारात?
त्याच्या घरात कबरीवर नाव कोरत नाहीत,
धोंडे रचतात,
आणि कोण कुठे निजलंय
ते उंटांनासुद्धा ठाऊक असतं.

पोत्यात गुंडाळलेला ऐवज
दोघांनी मिळून उतरवला.
फुटबॉलएवढा, वजन मात्र म्हाताऱ्या मेंढ्याचं.
“हा नुसता कोपरा,” तो म्हणाला.
“हा काढायला तीन भाऊ, दोन छिन्न्या
आणि एक आख्खा रमजान गेला.
मोठा तिकडेच आहे, बाभळीखाली.
आई त्याला उंटीण बांधायची.
दुपारी हात ठेवला तर फोड यायचा.
आम्ही पोरं गोटे मारायचो,
धोंडा असून घंटेसारखा वाजायचा.
आजा म्हणायचा, वरच्यानं टाकलंय ते.
टाकलेलं परत मागायला कोणी आलंच,
तर जागेवर असू दे.”

पहिले चार तास पातं नुसतं किंचाळलं.
संगमरवर लवकर ऐकतो.
ग्रॅनाइट रुसतो, पण दुपारपर्यंत वळतो.
ह्यानं दोन पाती खाल्ली.
मी पाणी सोडत राहिलो,
हौदात काळा गाळ साचत राहिला.
म्हटलं, बाबा रे,
कुणाचा राग माझ्यावर काढतोयस?

मग चकती सुटली.
पुसली, दाराशी नेली, उन्हात धरली

आणि बाहेर सिमेंट कालवणारा किरिंबा
फावडं टाकून आत आला.

लोखंडात खिडक्या होत्या.
गुळात शेंगदाणे असावेत तसे खडे,
काही मधासारखे, काही हिरवट,
काही जुन्या औषधाच्या बाटलीच्या रंगाचे,
आणि खड्याखड्यातून आमची गल्ली,
गढूळ, सोनेरी,
जणू अजून ठरायची होती.

जिर्मो बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, “आई ह्याच्यावर बसायची.”

नैरोबीहून नाफुला आली, दगडांची डॉक्टर.
चकतीवर तिनं आम्लाचा बोळा फिरवला,
तशा लोखंडातून रेघा वर आल्या,
चटईच्या विणीसारख्या, एकीवर एक.
“एवढी वीण पडायला,” ती म्हणाली,
“दहा लाख वर्षांत दोन-चार अंश,
इतकं सावकाश निवावं लागतं.
एक छोटं जग होतं. त्याची पृथ्वी झाली नाही.
वितळलं, जड ते पोटात गेलं,
हे हिरवे खडे वर राहिले.
मग कुणीतरी येऊन धडकलं,
आणि लोखंड खड्यांच्या फटीफटीत शिरलं.”
“नक्की?”
“नक्की नाही. भांडतात अजून.”

मला बरं वाटलं.
माझी गिऱ्हाइकंही असंच भांडतात,
बाप कशानं गेला ह्यावर, पाटी कोरेपर्यंत.

सवयीनं मी विचारलं, जन्मसाल?
“साडेचार अब्ज वर्षांपूर्वी. थोडं इकडेतिकडे.”
आणि मृत्यू?
तिनं चकतीकडे पाहिलं,
मग माझ्या पात्याकडे,
आणि वहीत दुसरंच काही लिहू लागली.

पुढे सूटवाले आले, तराजू घेऊन.
चकत्या ग्रॅमवर गेल्या.
मोठा कुठे आहे, त्यांनी गोड विचारलं,
मग कडक विचारलं, मग पैसे मांडून विचारलं.
जिर्मो म्हणाला, “त्याला उंटीण बांधलेली आहे,”
आणि चहा संपवून उठला.

जाता जाता एकानं हौदात डोकावलं.
“गाळ कुठे गेला? गाळाचेही पैसे देऊ.”

गाळ मी कधीच ओतला होता,
मागे, केंडीच्या भाजीच्या वाफ्यात,
जसा थडग्यांचा ओततो, तसा.
ह्या खेपेला पानं जरा राठ आलीत, ती म्हणते.
मी काही बोलत नाही.
ताटातलं सगळं संपवतो.